सुपारीचा हिशेब: माणसाचा वाटा वेगळा, वाद्याचा वाटा वेगळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीचा सात जणांचा भक्तिगीत-भावगीतांचा ग्रुप आहे. साताऱ्याजवळच्या एका यात्रा कमिटीने तीन तासांच्या कार्यक्रमाचे २८ हजार रुपये सांगितलेत. स्टेज आणि साउंड कमिटीच्या मंडपवाल्याचं, जाण्यायेण्याचा खर्च ग्रुपचा. आजवर हा ग्रुप गाडीभाडं वजा करून उरलेले पैसे सात जणांत सारखे वाटून घेत आलाय. ही सुपारी, म्हणजे पैसे ठरवून घेतलेला कार्यक्रम, घ्यावी का, रक्कम किती सांगावी आणि पाच लाख घालून स्वतःची साउंड सिस्टीम घ्यावी का, हे त्यांचं विचारणं.

सात जण घेऊन २८ हजारांत जाऊ नका. आताच्या पद्धतीने हिशेब केलात तर हा आकडा बरा वाटेल आणि गोची तिथंच आहे. गाडीचे सात हजार वजा केले की २१ हजार उरतात, माणशी तीन हजार. घरी नेताना ठीक वाटतं. पण वाटेतलं जेवण कुणी दिलं, ऑक्टोपॅडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा, जळालेला अडॅप्टर कुणी आणला, तबल्याची पुडी (वरचं कातडं) कुणाच्या खिशातून बदलली, याचा हिशेब त्या २१ हजारांत कुठेच नाही. तो खर्च ज्याचं वाद्य आहे तो मुकाट्याने सोसतो. दोन-तीन सीझननंतर कीबोर्डवाला दुसऱ्या पार्टीबरोबर जायला लागतो, आणि मग त्याचं डोकं फिरलं असं बाकीचे म्हणतात.

आधी सगळा खर्च मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घालून बघा. सांगली-सातारा जाऊन-येऊन २५० किलोमीटर धरा. टेम्पो ट्रॅव्हलर, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता मिळून ७,००० रुपये. चहा-नाश्ता आणि एक जेवण, ड्रायव्हर धरून आठ माणसं, माणशी २५०, म्हणजे २,०००. कमिटी जेवण देणार असेल तरी ही रक्कम लगेच काढू नका. रात्री साडेअकराला पंगत उठलेली असते आणि शेवटी ढाब्यावरच थांबावं लागतं.

आता वाद्यांचा वाटा. समजा कीबोर्ड ८५ हजारांचा, ऑक्टोपॅड ६० हजारांचा, छोटा डिजिटल मिक्सर ६० हजारांचा, माइक ४० हजारांचे, वायरी-स्टँड-डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज लांब वायरीतून स्वच्छ नेणारी डबी) २५ हजारांचे. एकूण २ लाख ७० हजार. सामान पाच वर्षं टिकेल आणि वर्षाला ४० कार्यक्रम होतील असं धरलं तर २०० कार्यक्रमांत ही रक्कम वसूल व्हायला हवी. एका कार्यक्रमामागे १,३५० रुपये झाले. दुरुस्ती आणि किरकोळ खर्चाला आणखी ४५० ठेवा, म्हणजे १,८००. वर्षाला दुरुस्तीचे १८ हजार जमतात आणि पुड्या, गिटारच्या तारा, वायरलेस माइकचे सेल, जॅक, हार्मोनियमची सर्व्हिसिंग यातच ते बऱ्यापैकी संपतात.

हे १,३५० ज्याच्या मालकीचं सामान आहे त्याला गेले पाहिजेत. कीबोर्ड वादकाचा स्वतःचा असेल तर त्याला प्रत्येक कार्यक्रमामागे ४२५, ऑक्टोपॅडच्या मालकाला ३००, आणि मिक्सर, माइक, वायरी ग्रुपच्या असतील तर ६२५ ग्रुपच्या खात्यात. माणूस आजारी पडला आणि त्याच्या जागी दुसरा आला, पण कीबोर्ड पहिल्याचाच वापरला, तर ४२५ पहिल्याला आणि वादनाचे पैसे दुसऱ्याला. एवढं एक पाळलं तरी ग्रुपमधली निम्मी कुरबुर थांबते.

शिवाय एकूण सुपारीचे पाच टक्के ग्रुपच्या फंडात टाका. तालमीची जागा, पोस्टर, रद्द झालेली तारीख, कुणाचा अपघात, सगळं त्यातूनच निघतं.

मग माणसांचे वाटे. सारखी वाटणी दिसायला न्याय्य असते, पण कामं सारखी नसतात. गायक, गायिका आणि गाणी बसवणारा कीबोर्डवाला यांना सव्वा वाटा, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड आणि मिक्सरवर बसणारा यांना एकेक, निवेदकाला पाऊण. बेरीज साडेसात वाटे. मिक्सरवाल्याला पूर्ण वाटा का, असं कुणीतरी विचारेलच. कारण त्याचा हात चुकला की सहाही जणांचं काम वाया जातं. निवेदक स्वतः संहिता लिहीत असेल, नुसते गाण्यांचे मुखडे सांगत नसेल, तर त्यालाही एक वाटा द्या आणि बेरीज त्याप्रमाणे बदला.

या हिशेबाने २८ हजारांत काय होतं बघा. गाडी ७,०००, जेवण २,०००, वाद्यं १,८००, फंड १,४००. उरले १५,८००. साडेसात वाट्यांनी भागले तर एक वाटा जेमतेम २,१०० रुपये. दुपारी एकला सांगली सोडून पहाटे तीनला परत, म्हणजे १४ तास, तालीम वेगळी. तासाला दीडशे रुपये पडतात. कमिटीच्या डोळ्यांसमोर तीन तासांचा कार्यक्रम असतो. वादकाचा मात्र अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ जाते. फोनवर हे समजावून सांगायची गरज नाही, आकड्यात मात्र ते धरलेलं हवं.

एका वाट्याला किमान ३,००० हवेत असं ठरवलं तर उलटा हिशेब मांडा: ३,००० गुणिले साडेसात म्हणजे २२,५००, अधिक खर्च १०,८००, झाले ३३,३००. फंडाचे पाच टक्के वरून काढायचे म्हणून याला ०.९५ ने भागा. ३५ हजारांच्या आसपास येतं. ही तुमची खालची रेघ. सांगताना ४५ सांगा. ४५ मिळाले तर एक वाटा ४,२६० आणि सव्वा वाटा ५,३२५ होतो. मध्ये एजंट असेल तर त्याचं कमिशन या हिशेबाच्या वर चढवा, वाट्यातून कापू नका.

आणि कमिटीचं बजेट खरंच २८ असेल तर? असू शकतं. वर्गणीतून चालणाऱ्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान, तमाशा, पालखीचा बँड यांतून उरलेलं तुमच्या वाट्याला येतं. अशा वेळी भाव पाडू नका, कार्यक्रम लहान करा. पाच जण, दोन तास, निवेदन गायकानेच करायचं, मिक्सर कीबोर्डवाल्याने टॅबवर सांभाळायचा. सात सीटर गाडी आणि वर कॅरिअर, सगळं धरून ४,०००, जेवण सहा जणांचं १,५००, वाद्यं १,५००, फंड १,४००. उरतात १९,६००, वाटे पावणेसहा, एक वाटा ३,४०० च्या आसपास. कमिटीचं बजेट सांभाळलं गेलं आणि तुमचा दरही खाली आला नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण यात्रा कमिट्या एकमेकांना फोन करतात. ‘अमक्या गावाला २८ ला सात जण आले होते’ ही बातमी पुढच्या चैत्रापर्यंत पाच गावांत पोचलेली असते.

जोड तारीख मिळाली तर आणखी चांगलं. सलग दोन दिवस जवळच्या दोन गावांत कार्यक्रम असतील तर गाडीखर्च विभागला जातो आणि त्याचा थोडा फायदा दोन्ही कमिट्यांना देता येतो. दिवाळी पहाटेला उलट आहे. आदल्या रात्री निघावं लागतं, पहाटे चारला गळा तापवावा लागतो आणि त्या चार दिवसांत प्रत्येक वादकाला तीन ठिकाणांहून बोलावणं असतं. तिथं नेहमीच्या रकमेच्या दीडपट सांगायला संकोच नको.

रक्कम ठरली की विसार घेतल्याशिवाय तारीख अडवू नका. तीस टक्के यूपीआयने आणि सोबत व्हॉट्सॲपवर एक साधा मजकूर: तारीख, गाव, वेळ, माणसं किती, रक्कम, विसार मिळाला, बाकी कधी. बाकी ‘मध्यंतराआधी’ असं स्पष्ट लिहा. कार्यक्रम संपल्यावर खजिनदार सापडत नाही. सापडला तरी ‘सकाळी टाकतो’ म्हणतो. त्याच मजकुरात रद्द होण्याचं कलमही घाला: आठ दिवसांच्या आत रद्द झाल्यास विसार परत नाही, गाडी निघाल्यावर रद्द झाल्यास निम्मी रक्कम, स्टेज लागल्यावर वळवाने झोडपलं तर पूर्ण. चैत्र-वैशाखात आपल्याकडे संध्याकाळचा वळीव ठरलेलाच असतो, त्यामुळे हे कलम वाचून कमिटीला राग येत नाही. स्टेजला वरून आणि मागून ताडपत्री हवी, हेही लिहा.

वेळेबद्दल मात्र कडक राहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस जाहीर झालेले असावे लागतात. यात्रेत नेहमी असं होतं: कार्यक्रम सातचा, पालखी आठला येते, मग पाहुण्यांचे सत्कार, नारळ, शाल, दोन भाषणं, आणि पहिलं गाणं सव्वानऊला. दहाला पोलीस आले की कमिटी म्हणते, कार्यक्रम अर्धाच झाला, पैसे अर्धे घ्या. म्हणून ‘वेळ ७ ते १०, सत्कार आणि भाषणं याच वेळेत धरली जातील’ हे वाक्य त्या मजकुरात असू द्या आणि परवानगीचा फोटो आधी मागवून घ्या. दिवाळी पहाटेला हाच नियम दुसऱ्या टोकाने आडवा येतो: सहाच्या आधी मैदानात स्पीकर लावता येत नाही. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यगृह किंवा साताऱ्यात शाहू कलामंदिर अशा बंदिस्त सभागृहात ही अडचण येत नाही.

बक्षिसीचं आधीच ठरवा. गायिकेच्या हातात पाचशेची नोट आली ती तिची की सगळ्यांची? माझ्या मते सगळ्यांची. त्या गाण्यावर टाळी पडली ती ढोलकीच्या तुकड्यामुळेही पडली असेल. शास्त्रीय बैठकीत मात्र आयोजकाने तबला आणि संवादिनीच्या साथीदारांची बिदागी मुख्य कलाकाराकडे न देता वेगळी सांगावी आणि वेगळ्या पाकिटात द्यावी. मुख्य गायकाने दिलं तितकं घ्यायचं, ही रीत आता मोडायला हवी.

आता साउंड. पाच लाखांची सिस्टीम घेऊ नका. पाच वर्षं आणि २०० कार्यक्रम धरले तर कार्यक्रमामागे २,५०० किमतीचेच. सामानाला वेगळा टेम्पो लागेल, ४,५०० धरा. दोन हमाल १,६००, दुरुस्ती ८००. झाले ९,४००, आणि अजून कुणाच्या हातात एक रुपया पडलेला नाही. एवढ्यात जागेवरचा साउंडवाला येतो, जनरेटरची कटकट त्याची आणि रात्री दोन वाजता बॉक्स उचलायचे तेही त्याने. ज्यांचे वर्षाला शंभराच्या वर कार्यक्रम आहेत त्यांचं गणित निराळं.

त्याऐवजी आवाज जिथून सुरू होतो ते सामान स्वतःचं ठेवा. माइक, डीआय, मिक्सर, चांगल्या वायरी आणि जमलं तर १२ इंची दोन ॲक्टिव्ह मॉनिटर (गाणाऱ्यांना स्वतःला ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर). मंडपवाल्याला फक्त डावं-उजवं आउटपुट द्यायचं. गाण्यासाठी शुअर एसएम ५८ पुरेसा आहे, पण बाजारात त्याच्या नकला फार आहेत. अस्सल माइकचं वजन २९८ ग्रॅम असतं, नकली बहुतेकदा हलका लागतो. घेताना किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघा. तबल्यावर त्याच घराण्यातला एसएम ५७ लावा, शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेच्या वर चार बोटं, थोडा तिरका. डग्ग्याला दुसरा माइक हवाच. एकाच माइकमध्ये दोन्ही घ्यायला गेलात की घुमारा जातो.

मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा. एसएम ५८ कार्डिऑइड आहे, पाठीमागून तो सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड, म्हणजे थेट मागचं थोडं ऐकणारा माइक असेल तर मॉनिटर थेट मागे न ठेवता थोडा बाजूला. आणि गायकांना सांगा, माइकची जाळी मुठीत धरू नका. जाळी झाकली की माइकची दिशा संपते, तो चारही बाजूंचं ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू होते. मग साउंडवाला आवाज कमी करतो, गायक आणखी घट्ट धरतो आणि प्रकरण वाढत जातं.

मंडपवाल्याची सिस्टीम बहुधा डीजेसाठी लावलेली असते. बास पूर्ण वर, मधला आवाज खाली. पोचल्यावर पहिलं काम हे: त्याच्या रॅकमधला इक्वलायझर सपाट करायला गोडीत सांगा. मग तुमच्या मिक्सरवर गाण्याच्या आणि निवेदनाच्या प्रत्येक चॅनेलला १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्जाचा आवाज कापणारा) लावा, डग्ग्याला मात्र लावू नका. सबवूफरला (खर्जाच्या मोठ्या स्पीकरला) मिक्सरच्या ऑक्स, म्हणजे जादा आउटपुटमधून वेगळी लाइन देता आली तर फारच छान. त्यात फक्त डग्गा, ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डचा बेस पाठवायचा. निवेदकाच्या ‘नमस्कार’ला छाती हादरत असेल तर त्याचा आवाज सबमध्ये जातोय.

कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड मंडपवाल्याच्या लांब जॅकच्या वायरीवर कधीही जोडू नका. सहा मीटरच्या पुढे अनबॅलन्स्ड वायर घरघर गोळा करते. वाद्याजवळ डीआय, तिथून तीन पिनी एक्सएलआर. तरी घरघर आली तर डीआयवरचा ग्राउंड-लिफ्ट (आवाजाच्या वायरीतली अर्थची जोड तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा जुगाड करू नका. ओल्या गवतावर उभा राहून लोखंडी जाळीला ओठ लावणाऱ्या माणसाचा जीव त्या पिनेवर असतो.

वीज तर सगळ्यात आधी तपासा. चारशे-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर बॅगेत हवाच. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. यात्रेत तीन फेजची लाइन ओढलेली असते. न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजवरच्या सामानाला ४०० च्या जवळ व्होल्टेज मिळू शकतं आणि क्षणात सगळे अडॅप्टर जातात. पाळण्यांच्या आणि हॅलोजनच्या बोर्डवरून लाइन घेऊ नका, वेगळी मागा. कीबोर्ड, पॅड आणि मिक्सर छोट्या यूपीएसवर ठेवले तर लाइट गेल्यावर डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू होईपर्यंत लोकांसमोर ताटकळावं लागत नाही. अडॅप्टरवर रंगीत टेपने वाद्याचं नाव लिहा. रोलंडच्या बहुतेक पॅडचा अडॅप्टर ९ व्होल्टचा आणि आतली पिन मायनस असते. यामाहाच्या छोट्या कीबोर्डचा १२ व्होल्टचा आणि आतली पिन प्लस. अंधारात गडबडीत अदलाबदल झाली की वाद्य गेलं. सुरू करताना ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

पट्टीचं नियोजन नीट केलं तर तबल्यांची संख्याही कमी होते. गायक काळी एकमध्ये (पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज धरून) आणि गायिका काळी चारमध्ये गात असेल तर काळी एकचा एकच तबला दोघांना चालतो: गायकाला षड्ज, गायिकेला मध्यम. गायिका काळी तीनमध्ये असेल तर तोच स्वर पंचम होतो. मध्यम लागत नाही अशा रागाच्या गाण्यात तेवढं जपा. हार्मोनियम जुनी असेल तर ती ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असेलच असं नाही. ट्यूनर ॲपवर मध्य सप्तकातला काळी एक बघा आणि हार्मोनियमप्रमाणे कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग बदला. उलटं करता येत नाही.

थंडीतल्या यात्रेत रात्री नऊनंतर दव पडतं, कातडं सैलावतं आणि तबला उतरतो. दर दोन गाण्यांनी हातोडी घ्यावी लागते. निवेदकाला हे आधी सांगून ठेवा म्हणजे तो तेवढा वेळ भरून काढेल. तबल्याचं गाणं नसेल तेव्हा तबला-डग्गा गोधडीत झाकून ठेवा. उन्हाळ्यात याच्या उलट: दुपारी तापलेल्या गाडीच्या टपावरून काढलेला तबला चढलेला असतो, गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वर घेऊन लावलात की रात्री गार हवेत नको इतका उतरतो. आधी तासभर सावलीत ठेवा, मग लावा. पखवाज असेल तर डाव्या तोंडाची कणीक कार्यक्रमाआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, फार आधी लावली तर वाळून सुटते. तंबोरा न्यायचा असेल तर भोपळा दोन गाद्यांच्या मध्ये, वर काहीही नको. जवारी (घोडीवरची, सुराला झंकार देणारी घडण) बसली असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत दाखवून घ्या. ज्या गावाच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तुमच्या दारात असताना पुण्याला पाठवायचं कारण नाही.

कराचं थोडक्यात. साखर कारखाना, बँक, कॉलेज यांची सुपारी असेल तर ते बहुधा टीडीएस कापून पैसे देतील. पॅन द्या, नाहीतर २० टक्के कापतात. कापलेली रक्कम रिटर्न भरून परत मिळवता येते, पण ती ज्याच्या पॅनवर कापली त्याच्याच नावावर दिसते. म्हणून सगळ्यांच्या वतीने एकाच्याच खात्यात पैसे घेत असाल तर प्रत्येकाला दिलेला वाटा यूपीआयनेच द्या, वहीत तारखेसह लिहा आणि टीडीएसचा परतावा आला की तोही त्याच साडेसात वाट्यांनी वाटा.